पॅरिस ऑपेराच्या तळघरातून हरवलेला ग्रामोफोन: ऐतिहासिक रहस्यकथेसाठी हा विषय कसा वाटतो?

तळमजला (मूळ लेख)

ऐतिहासिक पार्श्वभूमीच्या सौम्य रहस्यकथा मी बऱ्याच वर्षांपासून वाचत आलो आहे. इंग्रजी वाचक ज्यांना 'कोझी' म्हणतात त्या कथांत रक्तपात पानाबाहेर राहतो, तपास करणारी व्यक्ती पोलीस खात्यातली नसते, आणि गुन्हा ज्या लहानशा जगात घडतो त्या जगाच्या रीतिभाती समजून घेण्यातच वाचनाचा अर्धा आनंद असतो. ऑपेराच्या जगात बेतलेल्या अशा कथा वाचताना मात्र माझी एक तक्रार हळूहळू पक्की होत गेली. गायिकेच्या खोलीत विषाचा पेला, तालमीच्या वेळी कोसळलेला पडदा, प्रतिस्पर्धी गायिकेवर संशय, या चाकोरीबाहेर लेखक फारसे जातच नाहीत. ऑपेरागृह ही शेकडो माणसांनी चालवलेली एक प्रचंड इमारत असते आणि तिच्यातले खरे गूढ गाणाऱ्यांपेक्षा इमारतीत जास्त असते, हे त्यांच्या लक्षात येत नसावे.

म्हणून एक खरी घटना आपल्यापुढे ठेवतो. 24 डिसेंबर 1907 रोजी, म्हणजे नाताळच्या आदल्या दिवशी, पॅरिसच्या ऑपेरागृहात (शार्ल गार्निए या वास्तुविशारदाने उभारलेल्या त्या वैभवशाली इमारतीत) एक छोटा समारंभ झाला. फ्रान्समधील ग्रामोफोन कंपनीचे प्रमुख आल्फ्रेड क्लार्क या अमेरिकी गृहस्थांनी त्या काळच्या नामवंत गायकांच्या 24 तबकड्या ऑपेराला भेट दिल्या. त्यांत कारूसो होता, मेल्बा होती, पात्ती होती. तबकड्यांच्या मधे काचा घालून त्या धातूच्या दोन पात्रांत बंद करण्यात आल्या, पात्रे सील करून तळघरातल्या एका खोलीत ठेवण्यात आली, आणि शंभर वर्षे ती कोणी उघडू नयेत अशी अट घालण्यात आली. शंभर वर्षांनंतरच्या लोकांना या काळातले आवाज आणि ध्वनिमुद्रणाची तेव्हाची प्रगती कळावी, एवढाच त्यामागचा हेतू होता. 1912 मध्ये आणखी दोन पात्रांची भर पडली. शंभर वर्षांनी तबकडी वाजवायची कशी हेच कोणाला ठाऊक नसेल, अशी शंका कोणाच्या तरी मनात आली असावी, कारण या वेळी सोबत एक ग्रामोफोन यंत्र आणि ते वापरण्याच्या सूचनाही ठेवल्या गेल्या.

यानंतरचा भाग रहस्यकथेचा. 1989 मध्ये तळघरात हवा खेळती ठेवण्याच्या यंत्रणेचे काम चालू असताना असे आढळले की खोलीत कोणीतरी आधीच शिरून गेले आहे. 1912 च्या दोन पात्रांपैकी एक फोडलेले होते आणि ग्रामोफोन नाहीसा झाला होता. उरलेला ठेवा फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाकडे सोपवण्यात आला, आणि शंभर वर्षे भरल्यावर पात्रे उघडून तबकड्यांतले आवाज संगणकावर उतरवून घेण्यात आले. हे सारे झाले, पण ग्रामोफोन कोणी नेला हा प्रश्न तसाच राहिला. 1912 ते 1989 या 77 वर्षांत एक माणूस त्या तळघरात उतरला, शंभर वर्षांची अट त्याने मोडली आणि एक यंत्र घेऊन तो निघून गेला. या गुन्ह्यात कोणी मेले नाही, कोणाला साधी जखमही झाली नाही. माझ्या मते ऑपेराच्या रहस्यकथेला याहून चांगला गुन्हा मिळणार नाही. आपल्याला काय वाटते? अशी कथा लिहायचीच झाली तर ती कोणत्या वर्षी घडवावी, आणि तपास कोणाकडे द्यावा?

झुंबर

माहिती रोचक आहे, पण मूळ मुद्द्याशी मी असहमत आहे. एका ग्रामोफोनच्या चोरीसाठी वाचक तीनशे पाने सोबत करील, याची मला खात्री वाटत नाही. सौम्य रहस्यकथेतही प्रेत असते, फक्त ते सभ्यपणे झाकलेले असते. खुनाने कथेला जे वजन येते ते चोरीने येत नाही. ऑपेराच्या इतिहासात खऱ्या खुनांचीही उणीव नाही. 16 मार्च 1792 रोजी स्टॉकहोमच्या ऑपेरागृहात मुखवट्यांचे नृत्य चालू असताना स्वीडनचा राजा तिसरा गुस्ताव याच्या पाठीत गोळी घालण्यात आली. त्या संध्याकाळी राजाला धोक्याची सूचना देणारे निनावी पत्र मिळाले होते, तरीही तो नृत्याला गेला. हल्लेखोराने पिस्तुले जमिनीवर टाकून दिली होती. दुसऱ्या दिवशी ती शहरातल्या बंदूक कारागिरांना दाखवण्यात आली, आणि त्यांच्यापैकी एकाने ती आपण कोणाला दुरुस्त करून दिली होती ते सांगून टाकले. त्यावरून आंकरस्ट्रॉम हा सरदार पकडला गेला. निनावी पत्र, मुखवटे, टाकून दिलेले शस्त्र आणि ते ओळखणारा कारागीर असे सगळे साहित्य तयार असताना तळघरात धूळ खात पडलेल्या तबकड्यांच्या मागे कशाला लागायचे?

तळमजला

झुंबर, आपण दिलेले उदाहरण उत्तम आहे, विशेषतः कारागिराने पिस्तूल ओळखण्याचा भाग. परंतु ती राजहत्या आहे. राजा जवळजवळ दोन आठवडे वेदनेत काढून 29 मार्चला मरण पावला, सरदारांचा एक मोठा कट उघडकीस आला आणि आंकरस्ट्रॉमला देहान्त शासन झाले. या कथेत उबेला जागा कुठे आहे? पुढे वेर्दीने याच घटनेवर ऑपेरा रचला, तेव्हा रंगमंचावर राजाचा खून दाखवणे सेन्सॉरला मानवेना. अखेर 1859 मध्ये तो रोममध्ये आला तेव्हा कथानक थेट अमेरिकेतल्या बॉस्टनला हलवलेले होते आणि राजाचा गव्हर्नर झालेला होता. त्या सेन्सॉरशी झालेल्या रस्सीखेचीवर मात्र एक गमतीदार सौम्य कथा निश्चित होऊ शकेल.

वजनाबद्दल एवढेच म्हणतो की ते गुन्ह्याच्या आकारावरून ठरत नाही. शंभर वर्षांनंतरच्या अनोळखी माणसाला दिलेला शब्द मोडला गेला आहे, हे मला पुरेसे वजनदार वाटते.

मधली सुट्टी

अवांतर: 'कोझी'साठी मराठीत 'सौम्य रहस्यकथा' हा शब्द धागाकर्त्यांनी वापरला आहे. तो चालण्यासारखा आहे, पण 'सौम्य' म्हटले की मला औषधाची मात्रा आठवते. 'घरगुती रहस्यकथा' म्हणावे तर ऑपेराला घरगुती म्हणणे विचित्र वाटते. माझ्या आजीकडे यासाठी नेमका शब्द होता. ती अशा पुस्तकांना 'दुपारची पुस्तके' म्हणायची, म्हणजे जेवणानंतर आडवे होऊन वाचता येतील आणि रात्री झोप उडवणार नाहीत अशी. मूळ विषयावर सविस्तर नंतर लिहिते. तोपर्यंत माझे मत चोरीच्या बाजूने नोंदवावे.

दरवान

तपास कोणी करावा या प्रश्नाबद्दल लिहितो, कारण माझ्या मते सगळी कथा त्यावरच उभी राहील.

आपल्याकडे नाट्यगृहात डोअरकीपर असतो. तिकीट पाहायचे, खुर्ची दाखवायची, की त्याचे काम संपले. पॅरिसच्या ऑपेरात हे काम स्त्रिया करत आणि त्यांना फ्रेंचमध्ये 'उव्ह्रूझ', म्हणजे 'उघडणारी', म्हणत. प्रेक्षकांच्या बॉक्सची दारे त्या किल्लीने उघडत, कोट आणि टोप्या सांभाळत, बायकांना पायांखाली घ्यायला लहान चौरंग आणून देत, आणि त्या बक्षिशीवर त्यांचा निर्वाह चाले. ऑपेराचे प्रतिष्ठित वर्गणीदार ठरलेल्या वारी, ठरलेल्या बॉक्समध्ये, वर्षानुवर्षे येत. साहजिकच कोण कोणासोबत आला, कोण मध्यंतरात निघून गेला, कोणाचे कोणाशी बिनसले, हे सारे या स्त्रियांना ठाऊक असे, आणि त्यांच्याकडे मात्र कोणाचेही लक्ष नसे. तपास करण्यासाठी याहून योग्य पात्र शोधून सापडणार नाही. हातात किल्ल्यांचा जुडगा आहे, डोळ्यांसमोर सगळे शहर आहे, आणि गोष्टी लक्षात ठेवण्यावर पोट अवलंबून आहे. एक सावधगिरी सुचवतो. याच इमारतीवर एक जगप्रसिद्ध भुताची कादंबरी आहे आणि तिच्यातही अशी एक बाई येते. त्यामुळे आपली बाई वेगळी घडवावी लागेल आणि भूत पूर्णपणे टाळावे लागेल.

दुसरा मुद्दा काळाचा. पहिली पात्रे 24 डिसेंबर 1907 रोजी बंद झाली, ही तारीख लक्षात घ्यावी. ऑपेराचे संचालक पेद्रो गेल्हार यांची कारकीर्द त्याच डिसेंबरच्या अखेरीस संपली आणि जानेवारी 1908 पासून मेसाजे आणि ब्रूसाँ या जोडीने सूत्रे हाती घेतली. म्हणजे खोलीला कुलूप लागल्यानंतर अवघ्या आठवडाभरात अख्ख्या इमारतीच्या किल्ल्यांनी हात बदलले. ज्याने कोणतेही कार्यालय दुसऱ्याच्या ताब्यात दिले किंवा दुसऱ्याकडून घेतले आहे, त्याला अशा वेळी एखादी किल्ली यादीतून कशी गळते हे वेगळे सांगायला नको.

लाख-मोलाचा

मी जुन्या तबकड्या जमवतो, त्यामुळे चोराच्या बाजूने विचार करून पाहिला.

पहिला प्रश्न असा की चोर कशासाठी आला होता. पात्रांच्या धातूसाठी आला असता, तर एकच फोडून थांबला नसता. बाकीची तीन बंद राहिली नसती. तबकड्या मौल्यवान म्हणून विकायला आला असता, तर 1907 च्या पात्रांनाही त्याने हात लावला असता, कारण मोठी नावे तिथेही होती. प्रत्यक्षात फुटले ते 1912 चे पात्र, आणि गेला तो त्याच वर्षीचा ग्रामोफोन. यावरून मी असा निष्कर्ष काढतो की त्याला ऐकायचे होते. यंत्र घेतले आणि त्यावर लावण्यापुरत्या तबकड्यांसाठी एक पात्र फोडले, एवढेच. ही चोरी पैशासाठी झालेली दिसत नाही. कानासाठी झालेली दिसते.

दुसरी गोष्ट जरा आपल्या बाजूची. त्या काळच्या तबकड्या ज्या मिश्रणापासून बनत त्यात लाख हा मुख्य बांधणारा घटक असे, आणि जगाला लागणारी लाख प्रामुख्याने हिंदुस्थानातून, त्यातही छोटा नागपूरच्या पळस-कुसुमाच्या जंगलांतून जात असे. म्हणजे पॅरिसच्या तळघरातल्या कारूसोच्या आवाजाखाली बहुधा आपल्याकडच्या झाडांवरच्या किड्यांचे काम होते. (कोणी कादंबरी लिहिलीच तर हे वाक्य फुकट वापरावे.) पात्ती 1905-06 मध्ये तबकड्यांसाठी गायली तेव्हा साठी ओलांडून गेली होती, तरी तो आवाज आज ऐकायला मिळतो. ग्रामोफोन कंपनीचे पहिले पथक 1902 च्या अखेरीस कोलकात्यात उतरले, आणि आपले भाऊराव कोल्हटकर 1901 मध्येच गेले होते. 'शाकुंतल' आणि 'सौभद्र' गाजवणारा तो आवाज एका वर्षाने हुकला. ही हळहळ ज्याला समजते, त्याला तळघरात उतरलेला चोरही समजेल.

झुंबर

कानासाठी चोरी हा तर्क मला पटला. खुनाचा आग्रह निम्मा मागे घेतो. तरीही कथेत धोका कुठेतरी असावा. इमारतीखाली मोठे तळे आहे असे म्हणतात. चोर तिथे अडकतो असे काही दाखवता येईल का?

बंबवाला

तळ्याबद्दल एक दुरुस्ती सुचवतो, कारण ही समजूत फार पसरली आहे आणि ऐतिहासिक कथेत ती तशीच गेली तर जाणकार वाचक पुस्तक मिटून ठेवील. 1860 च्या दशकात पाया खणताना भूजल इतके लागले की वाफेचे पंप महिनोन्‌महिने चालवूनही ते हटेना. तेव्हा गार्निएने दुहेरी भिंतींचा पाया बांधला आणि त्यात काँक्रीटचे एक मोठे टाके बांधून पाणी मुद्दाम आत ठेवले. त्या पाण्याच्या वजनाने आणि दाबाने खालून येणाऱ्या पाण्याला अटकाव होतो, आणि आग लागल्यास साठाही हाताशी राहतो. हे खांबांनी पेललेल्या छताखालचे अंधारे टाके आहे. होडीतून फिरण्यासारखे रम्य तळे नव्हे. पॅरिसच्या अग्निशमन दलाचे पाणबुडे आजही तिथे सराव करतात.

आणि धोका हवाच असेल, तर आगीचे भय पुरेसे आहे. जुने ऑपेरागृह 1873 च्या ऑक्टोबरात जळून खाक झाले, म्हणून नव्या इमारतीच्या कामाला वेग आला आणि 5 जानेवारी 1875 रोजी ती उघडली. मे 1887 मध्ये त्याच शहरातले ऑपेरा-कॉमिक प्रयोग चालू असताना पेटले आणि कितीतरी प्रेक्षक मृत्यू पावले. मे 1896 मध्ये तर याच इमारतीत मोठ्या झुंबराच्या तोलाचे एक वजन सुटून छतातून खाली आले आणि एक प्रेक्षक स्त्री जागीच गेली. (झुंबर, आपल्या टोपणनावाची क्षमा मागून हे लिहितो.) त्यामुळे 1912 च्या सुमारास त्या इमारतीत काम करणाऱ्या प्रत्येकाच्या स्मरणात यांतली एखादी तरी घटना ताजी असणार. प्रयोगाच्या वेळी अग्निशमन दलाचे जवान इमारतीत हजर असत आणि गस्त घालत. तपास करणाऱ्या बाईंना विचारण्यासारखा पहिला प्रश्न हाच आहे की त्या रात्री तळघराच्या बाजूची गस्त किती वाजता होती.

मधली सुट्टी

सविस्तर लिहीन म्हटले होते, ते आता लिहिते.

दरवान यांच्या सूचनेला बळ देणारा एक प्रसंग आहे. जून 1940 मध्ये पॅरिस पडल्यावर हिटलर पहाटे शहर पाहायला आला आणि आधी या ऑपेरागृहात गेला. इमारतीचे नकाशे त्याला तोंडपाठ होते. बरोबर असलेल्या त्याच्या वास्तुविशारदाने पुढे लिहून ठेवले आहे की एके ठिकाणी हिटलरला एक दालन दिसेना. त्याने विचारले तेव्हा सोबतच्या वृद्ध फ्रेंच सेवकाने ते पूर्वीच एका दुरुस्तीत काढून टाकल्याचे सांगितले. निघताना त्या सेवकाला बक्षीस देऊ केले, तेव्हा त्याने ते नाकारले; पुन्हा देऊ केले, पुन्हा नाकारले, आणि आपण फक्त आपले काम केले असे तो म्हणाला. इमारतीत काय होते आणि आता काय नाही, हे नकाशा पाठ करणाऱ्याइतकेच तिथे आयुष्य घालवलेल्या नोकरालाही ठाऊक असते. या प्रसंगातला तो वृद्ध सेवक मला आपल्या संभाव्य नायिकेचा सख्खा भाऊ वाटतो.

कथेचा काळ मात्र युद्धापर्यंत नेऊ नये. युद्ध आले की ऊब जाते. 1912 ची पात्रे ठेवल्यानंतर आणि 1914 चा ऑगस्ट उजाडण्यापूर्वी, या दोन वर्षांच्या फटीत कथा बसवावी. खोलीच्या दारावर आत ग्रामोफोनच्या तबकड्या असल्याची पाटीच होती, त्यामुळे चोराला शोधाशोध करावी लागली नाही, ही गंमतही नायिकेच्या तोंडी शोभेल.

पुराव्यासाठी एक सुचवते. पॅरिसमध्ये तेव्हा 'तेआत्रोफोन' नावाची सोय होती. 1881 च्या वीज प्रदर्शनात क्लेमाँ आदेर याने ऑपेराच्या रंगमंचावर दूरध्वनीचे प्रेषक, म्हणजे आवाज तारेवर पाठवणारी यंत्रे, बसवून गाणे तारेवरून प्रदर्शनाच्या दालनात ऐकवले होते. दोन कानांना दोन वेगळे श्रवणक लावल्यावर गायक रंगमंचावर डावीकडून उजवीकडे जातो आहे हेही कळे. 1890 पासून त्याची कंपनी निघाली, वर्गणीदार घरबसल्या ऑपेरा ऐकू लागले, आणि ही सेवा 1932 पर्यंत चालली. समजा, आपल्या नायिकेच्या ओळखीची एक आजारी वर्गणीदार बाई दर सोमवारी घरून ऑपेरा ऐकते. चोरीच्या रात्री तिला तारेवर एक धप्पकन आवाज ऐकू येतो, आणि वेळ निश्चित होते!

बंबवाला

कल्पना सुंदर आहे, पण त्या धपक्यापाशी अडते. एक तर खोली रंगमंचाच्या कितीतरी खाली. दुसरे म्हणजे आदेरने ते प्रेषक शिशाच्या बैठकीवर, खाली रबर देऊन बसवले होते, आणि तेही नेमके एवढ्यासाठी की फळ्यांवरच्या नाचाचे आणि पावलांचे हादरे त्यांच्यापर्यंत पोहोचू नयेत. ज्या यंत्राला खालचा हादरा ऐकू नये अशी मुद्दाम रचना केली, त्याच यंत्राला तळघरातला धपका ऐकवता येणार नाही.

मधली सुट्टी

मान्य. धपका मागे घेते, पण तेआत्रोफोन सोडवत नाही.

दोरखंड

उशिरा आलो, पण रंगमंचामागच्या लोकांचा एक संकेत सांगण्यासारखा आहे. फ्रेंच नाट्यगृहात 'दोरी' हा शब्द उच्चारणे अशुभ समजतात. वर टांगलेले पडदे ओढण्याच्या कामावर पूर्वी खलाशी घेत, आणि जहाजावर जसे प्रत्येक दोराला वेगळे नाव असते तशीच नावे त्यांनी इथे आणली. नुसती 'दोरी' म्हणजे गळफासाची, अशी त्यामागची एक समजूत सांगतात. चुकून जो बोलेल त्याने सगळ्यांना पेयपान घडवायचे. रंगमंचावर शीळ घालण्यालाही अशीच बंदी, कारण खलाशी शिटीवर खुणा करत आणि भलत्या वेळी वाजलेल्या शिटीने भलता पडदा डोक्यावर यायचा. आता समजा, चौकशीत एक जण आपण 'मशिनिस्ट', म्हणजे पडदे हलवणारा कामगार, आहोत असे सांगतो आणि पहिल्याच वाक्यात म्हणतो, 'मी दोरी बांधत होतो.' आपली बाई तिथेच ओळखेल की हा माणूस रंगमंचावर काम करणारा नाही. पहिला खोटा संशयित पकडायला एवढे पुरे. तो बिचारा फुकट प्रयोग पाहायला घुसलेला एखादा विद्यार्थी निघावा.

लाख-मोलाचा

दोरखंड यांचा संशयित फारच आवडला. पण खऱ्या चोराचे काय? माझ्या तर्कानुसार त्याला कोणाचा तरी आवाज ऐकायचा होता. मग तो गाण्याच्या अगदी जवळचा माणूस हवा, आणि तरीही प्रयोग चालू असताना जागेवरून हलला तरी कोणाच्या लक्षात येणार नाही असा हवा. वादकांपैकी कोणी उठले तर दिसते, समूहगायकाची जागा रिकामी दिसते.

तळमजला

इतके प्रतिसाद येतील असे वाटले नव्हते. सगळ्यांचे वाचून दोन दिवस विचार केला, त्यातून जे सुचले ते लिहितो.

मधली सुट्टी यांचा तेआत्रोफोन आणि बंबवाला यांची हरकत या दोन्ही गोष्टी ठेवू. प्रेषक रंगमंचाच्या पुढच्या कडेला, पायदिव्यांच्या ओळीत, मधल्या खोपटाच्या दोन्ही बाजूंना मांडलेले असत. ते खोपटे प्रॉम्प्टरचे. आपल्या संगीत नाटकात प्रॉम्प्टर विंगेत उभा राहतो आणि नट अडला तरच त्याचा आवाज निघतो. ऑपेरातला प्रॉम्प्टर मात्र रंगमंचाच्या पुढच्या कडेशी, प्रेक्षकांकडे पाठ केलेल्या खोपटात बसतो आणि गायकांना पुढच्या ओळीचे शब्द आधीच पुरवत जातो. प्रेक्षकांना तो दिसत नाही, आणि वाद्यवृंदाच्या आवाजात ऐकूही येत नाही. परंतु त्याच्या खोपटालगतच प्रेषक असतील, तर घरी बसून ऐकणाऱ्या आजारी बाईला गाण्याआधी त्याची कुजबुज कानात ऐकू यायलाच हवी. आपल्या वर्गणीदार बाईला ती वर्षानुवर्षे ऐकून इतकी सवयीची झाली आहे की तिने त्या अदृश्य माणसाशी मनातल्या मनात मैत्री केली आहे. चोरीच्या रात्री तिने नेहमीपेक्षा वेगळा आवाज ऐकला नाही. एक नेहमीचा आवाज तिला चौथ्या अंकात ऐकूच आला नाही.

सभागृहात हे कोणाच्याही लक्षात आले नाही, कारण त्या रात्री 'फाउस्ट' होता. गूनोचा हा ऑपेरा त्या ऑपेरागृहात इतक्या वेळा झाला होता की गायकांना तो झोपेतही आला असता. प्रॉम्प्टर नसतानाही प्रयोग बिनबोभाट पार पडावा, असा ऑपेरा हाच. माझ्या डोक्यात आधी तिसरा अंक होता, कारण त्यात मार्गारीत दागिन्यांची पेटी उघडते आणि त्याच वेळी खाली पात्र उघडले जाते, असे दाखवायचे होते.

दरवान

पेटीचा मोह टाळलात ते बरे केले. तिसऱ्या अंकात वाद्यांचा आवाज फार नाजूक असतो, आणि खोलीचे दार तर फोडायचे आहे. चौथ्या अंकातला सैनिकांचा कोरसच हवा. पितळी वाद्ये आणि अख्खा समूह एकदम उसळतो तेव्हा तळघरात घण घातला तरी गस्तीवरचा जवानही वर पाहील, खाली पाहणार नाही. हेतूही जुळतो. ज्या गायिकेला याने वर्षानुवर्षे शब्द पुरवले, तिने रंगमंच सोडला आहे, तिची तबकडी शंभर वर्षांसाठी खाली बंद आहे, आणि याचे वय साठ. शंभर वर्षे थांबणे त्याला शक्य नाही.

झुंबर

खुनाचा उरलेला निम्मा आग्रहही मागे घेतो. एकच शंका राहते. प्रॉम्प्टर भर प्रयोगात खोपट्यातून बाहेर पडून तळघराकडे गेला, तर विंगेतल्या पन्नास माणसांपैकी एकालाही तो दिसू नये, हे कसे?

दोरखंड

त्याला विंगेत यावेच लागत नाही. प्रॉम्प्टरच्या खोपट्याचे दार रंगमंचावर उघडत नाही. तो त्यात खालून, शिडीने चढून बसतो.